यात्रिकाचें भय

जॉन बन्यनचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) मराठी वाचकांस नवा नाहीं. हरि केशवजी यांनीं तो ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें १८४१ सालींच मराठींत आणिला. त्यांतील लोखंडी पिंजऱ्यांतला मनुष्य विसरतां येत नाहीं. एके काळीं भाविक गणला गेलेला हा गृहस्थ आतां पश्चात्तापही करूं शकत नाहीं. मग एकदां लाभलेलें तारण गमावतां येतें काय?

ट्रेंटच्या कॅथॉलिक धर्मपरिषदेनें १५४७ सालीं सांगितलें कीं, महापातकानें ईशकृपा नष्ट होते, परंतु पापनिवेदनाच्या संस्कारानें ती पुन्हां मिळते. कॅल्व्हिनच्या अनुयायांनीं डॉर्टच्या सभेंत (१६१८-१९) उलट निर्णय दिला: ईश्वरानें निवडलेला मनुष्य घसरला तरी कायमचा पतित होत नाहीं. सर्वच प्रॉटेस्टंटांस हें मान्य नाहीं. ल्यूथर व वेस्ली यांचे पंथ कृपा गमावतां येते असेंच मानितात.

बन्यनचा कल कॅल्व्हिनकडे. त्या मताप्रमाणें पिंजऱ्यांतल्याची श्रद्धा मुळींच खरी नव्हती, असें म्हणावें लागतें. आमच्या मतें खरा पेंच येथेंच आहे. ‘गमावीन काय?’ हें भय गेलें, तों ‘मुळांत मिळालें आहे काय?’ हें दुसरें उभें राहतें. कॅथॉलिकास निदान परतीची वाट ठाऊक असते.

कथेच्या अखेरीस ‘अज्ञान’ नामक यात्रिक स्वर्गाच्या दारावरूनच नरकांत नेला जातो. सिद्धान्त अभय देतो. ग्रंथ मात्र या भयावरच जगतो. तें भय बन्यननें लपविलें नाहीं, यांतच त्याचें सामर्थ्य आहे.