हॉर्नबी रस्ता आणि दादाभाई

मुंबईच्या कोटांतील हॉर्नबी रस्त्यास दादाभाई नौरोजींचें नांव मिळून बराच काळ लोटला. तरी नांव बदललें कीं इतिहास पुसला जातो, हा आक्षेप अशा प्रत्येक प्रसंगीं नव्यानें ऐकूं येतो. त्याची छाननी होणें इष्ट आहे.

विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. राघोबादादांशीं १७७५ सालीं सुरतेचा तह झाला तो त्याच्याच अमदानींत. आणि त्या कारस्थानापायीं १७७९ सालीं वडगांवास इंग्रजी फौजेला नमतें घ्यावें लागलें, तेंहि त्याच्याच अमदानींत. परंतु रस्त्याच्या आजच्या रूपाशीं त्याचा संबंध नाहीं. कोटाच्या भिंती पडल्या १८६० नंतरच्या दशकांत. तेव्हां कोठें हा लहानसा रस्ता रुंद झाला. इमारतींच्या तळमजल्यास पादचाऱ्यांसाठीं कमानींची ओवरी असावी, हा नियम तर १८९६ चा. जें नांव रस्त्याविषयीं कांहींच सांगत नव्हतें, तें गेल्यानें फारसें बिघडलें असें आम्हांस वाटत नाहीं.

याच रस्त्याच्या उत्तर टोकाचें बोरीबंदर हें नांव पाहावें. येथें एके काळीं बंदर होतें, ही गोष्ट त्या नांवांतच सांठविलेली आहे. स्टेशनास १८८७ सालीं राणीचें व १९९६ सालीं शिवछत्रपतींचें नांव मिळालें, तरी बोरीबंदर लोकांच्या तोंडीं टिकलें. असें नांव लोपलें तर मात्र हानि खरी.

दादाभाईंची निवड सर्वथा उचित होती. हिंदुस्थानची संपत्ति विलायतेस कशी वाहून जाते, याचा हिशेब ज्यांनीं १९०१ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला, त्यांचें नांव पेढ्यांच्या व कचेऱ्यांच्या या रस्त्यास शोभून दिसतें. पण त्या नांवाचें आपण काय केलें? ‘डी. एन. रोड’! दोन इंग्रजी अक्षरांत दादाभाई नाहींसे झाले. परक्या गव्हर्नराचें नांव आपण पुरतें उच्चारीत होतों. आपल्या पितामहाचें मात्र आद्याक्षरांवर भागवितों.

पाटी बदलणें हें महानगरपालिकेचें काम. नांव जिवंत ठेवणें हें घरोघरच्या वडील मंडळींचें. रस्त्याच्या दक्षिण टोकाशीं दादाभाईंचा पुतळा आहे. तेथून जातांना मुलानें ‘हे कोण?’ असें विचारलें, आणि आपणांस उत्तर देतां आलें नाहीं, तर इतिहास पुसल्याचा दोष पाटीवर ढकलतां येणार नाहीं.