शैलीचे नियम कोणी राखायचे? ‘पेप ८’चे चिकित्सक वाचन

पायथन शिकताना ‘पेप ८’ हे नाव तुमच्या कानावर पडलेले असते. ओळ ७९ अक्षरांची, इंडेंटेशन चार स्पेसचे, फंक्शनचे नाव लहान लिपीत, एवढे पाठ झाले की पेप ८ कळला असे आपण धरून चालतो. या टिपणात आपण हा दस्तऐवज मुळातून तपासू आणि त्यातले काय यंत्राकडे सोपवावे, काय सोपवू नये, हे पाहू.

१. दस्तऐवजाचे बळ

गिडो व्हॅन रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा दस्तऐवज २००१ सालचा. तो मुळात पायथनच्या प्रमाण लायब्ररीसाठी आहे. कोड लिहिला जातो त्याहून कितीतरी जास्त वेळा वाचला जातो, हा त्याचा पाया. म्हणूनच या नियमावलीशी सुसंगत असण्यापेक्षा प्रकल्पाच्या आत सुसंगत असणे मोठे, असे तो स्वतःच सांगतो. केवळ नियम पाळण्यासाठी जुना चालता कोड मोडू नका, असेही बजावतो. संघाची सहमती असेल तर ओळ ९९ अक्षरांपर्यंत नेण्याचीही मुभा देतो. नियमांच्या पुस्तकाने स्वतःच्या मर्यादा इतक्या स्पष्ट सांगाव्यात, हे क्वचितच घडते.

२. दस्तऐवजाचे दुबळेपण

दोन वेगळ्या जातींचे नियम इथे एकाच सुरात येतात. स्वल्पविरामानंतर स्पेस सोडावी, हे यंत्र क्षणात तपासते. नाव अंतर्गत रचनेवरून न देता वापरावरून द्यावे, हे मात्र माणसालाच कळते. वाचकाच्या हाती राहतो तो मोजता येणारा भाग. याचा पुरावाही आहे. नियम तपासणाऱ्या एका साधनाचे नावच ‘पेप८’ होते. साधन म्हणजेच नियमावली असा गोंधळ होऊ लागल्याने २०१६ मध्ये ते बदलून ‘पायकोडस्टाइल’ करण्यात आले.

३. यंत्राची बाजू

गो भाषेने दुसरी वाट धरली. तिथे ‘गोफम्ट’ हे साधन भाषेसोबतच येते. ते जे मांडेल ती शैली, वाद संपला. पायथनमध्ये २०१८ साली आलेल्या ‘ब्लॅक’ने हीच भूमिका घेतली. त्याची मर्यादा ८८ अक्षरांची आहे. म्हणजे ७९ हा आकडा पवित्र नव्हता. एकच आकडा सर्वांनी मानणे महत्त्वाचे होते. बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या कोडचा सिंटॅक्स-ट्री जुळतो की नाही, हेही ब्लॅक पडताळते.

यात खरा लाभ नवख्याचा आहे. तुम्ही एखाद्या मुक्त प्रकल्पाला पहिला पॅच पाठवता आणि उत्तरात स्पेसबद्दल वीस शेरे येतात. तर्काबद्दल एकही नाही. पाठवण्याआधीच फॉरमॅटर चालला असता तर तपासणाऱ्याचे लक्ष मुद्द्यावर राहिले असते, आणि तुमचा हुरूपही.

४. यंत्राची मर्यादा

२०१४ मध्ये ॲपलच्या एसएसएल कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आल्याचे उघड झाले. दुसरी ओळ इंडेंटेशनमुळे अटीच्या आत दिसत होती, पण महिरपी कंस नसल्याने दर वेळी चालत होती. परिणामी सर्व्हरच्या सहीची पडताळणीच वगळली जात होती. फॉरमॅटरने ती ओळ डावीकडे सरकवली असती आणि दोष नजरेत भरला असता. दुरुस्त मात्र झाला नसता. त्यासाठी चाचणी आणि डोळस वाचक लागतोच.

व्यवहारातही किंमत मोजावी लागते. जुन्या प्रकल्पावर एका फटक्यात फॉरमॅटर चालवला की प्रत्येक ओळीचा इतिहास त्या एका कमिटच्या नावे लागतो. गिट २.२३ पासून ‘ब्लेम’ला असे कमिट वगळायला सांगता येते; म्हणून फॉरमॅटिंगचा कमिट नेहमी वेगळा ठेवा. हाताने स्तंभ जुळवून लिहिलेली मॅट्रिक्सही ब्लॅक विस्कटतो. तेवढ्या भागापुरते त्याला थांबवण्याची सोय आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही.

५. निष्कर्ष

ज्या नियमावर दोन जाणकारांचे उत्तर एकच येईल, तो यंत्राला द्या आणि त्यावर चर्चा बंद करा. जिथे उत्तरे वेगळी येतील, तिथे वाचलेला वेळ खर्च करा. पेप ८ चा गाभा या दुसऱ्या भागातच आहे.

स्वाध्याय: तुमच्या गटाच्या प्रकल्पातील कोणतेही दहा रिव्ह्यू-शेरे घ्या. त्यातील किती शेरे यंत्राला देता आले असते? उरलेल्यांपैकी कोणत्या शेऱ्याने कोड खरोखर सुधारला, ते कारणासह लिहा.