ब्रिलोचं खोकं कोणाचं?

मागच्या व्याख्यानात आपण रस्त्यावरच्या चित्रांपाशी थांबलो होतो. आज दुकानातल्या खोक्याकडे येऊ. १९६४ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत अँडी वॉरहॉलनं भांडी घासायच्या ब्रिलो घासण्यांची खोकी मांडली. दुकानातली पुठ्ठ्याची, ही प्लायवुडची. बाकी डोळ्यांना फरक कळू नये. तत्त्वज्ञ आर्थर डांटोनं विचारलं, मग हीच तेवढी कलाकृती कशी? त्याचं उत्तर असं, की डोळ्यांना न दिसणारं काहीतरी, म्हणजे कलेचा इतिहास नि सिद्धान्त, तिला कला ठरवतं.

उत्तर बिनतोड वाटतं. वर्गात आम्हीही ते वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. पण मूळ खोकं काही आभाळातून पडलं नव्हतं. ते आखलं जेम्स हार्वीनं, आणि हार्वी स्वतः अमूर्त चित्रकार. खोकी हे पोटापाण्याचं काम. (आपले हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, ते आठवा.) नीट बघा: पांढऱ्यावर लाल लाटा, निळी-लाल अक्षरं. त्यात स्वच्छता आहे, अमेरिकेचा झेंडाही आहे. हा अर्थ वॉरहॉलनं घातला नाही, तयार उचलला. डांटोनं पुढे हार्वीची दखल घेतली, पण व्यापारी कलेच्या कप्प्यात ठेवूनच. हे आम्हाला पटत नाही. किंमत गॅलरीनं घडवली, हे कबूल. अर्थ मात्र आधीच दुकानाच्या फळीवर होता.

वॉरहॉलचं एक खोकं २०१० साली लिलावात ३० लाख डॉलरांवर गेलं. हार्वी १९६५ सालीच वारला. त्याची खोकी रिकामी झाली की कचऱ्यात जात.