मंडप, पडदा आणि छाया : मराठी बायबलातील इस्राएली उपासनेचे शब्द

प्राचीन इस्राएलाच्या उपासनेत ख्रिस्ती परंपरेने जो आध्यात्मिक अर्थ पाहिला, त्याचा विचार बहुधा ईश्वरशास्त्राच्या अंगाने होतो. मराठीत मात्र हा प्रश्न प्रथम शब्दांचा ठरतो. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलाचे भाषांतर मुक्तिसदनाच्या छापखान्यातून त्यांच्या निधनानंतर १९२४ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील स्त्रीला दुर्बोध आहे, शिवाय हिंदू उपासनेशी निगडित शब्दांनी मूळ अर्थ झाकोळतो, अशी त्यांची धारणा होती. पुराणिक पित्यासमवेत तीर्थक्षेत्रे हिंडण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना या शब्दांमागील संस्कार अंतर्बाह्य परिचित होते.

या आक्षेपातील तथ्य एका शब्दावरून तपासता येते. मोशेच्या तंबूस मराठी बायबलात ‘निवासमंडप’ व ‘दर्शनमंडप’ अशी नावे आहेत. अंगण, पवित्रस्थान व परमपवित्रस्थान ही त्याची चढत्या पावित्र्याची रचना सभामंडप व गाभारा जाणणाऱ्या वाचकाला तत्काळ उमगते. परंतु ‘ओहेल मोएद’ या हिब्रू शब्दांचा अर्थ नेमलेल्या भेटीचा तंबू असा आहे. त्यात पाहण्याची कल्पना नाही. परमपवित्रस्थानात मूर्ती नव्हती. तेथे मुख्य याजक वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन जाई. त्या वेळी धूपाच्या धुराने कोशावरील दयासन झाकले जावे, अशी लेवीय पुस्तकाची आज्ञा आहे. दुसऱ्या मंदिरात तर कोशही नव्हता. ‘दर्शन’ हा शब्द रचनेचे साम्य दाखवितो, पण अदृश्यतेचे तत्त्व लपवितो. पुण्यातील १८६७ सालच्या ‘ओहेल डेव्हिड’ या यहुदी प्रार्थनास्थळाच्या नावात हाच तंबूवाचक शब्द आहे. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘लाल देऊळ’ झाले.

तरीही असे शब्द सर्वस्वी वगळावेत, हा निष्कर्ष टिकत नाही. कारण ख्रिस्ती अर्थाचा मुख्य आधार असलेले इब्री लोकांस पत्र याच्या उलट रीतीने चालते. याजक, यज्ञ, रक्त, पडदा हे जुनेच शब्द घेऊन ते त्यांना नव्या अर्थाकडे वळविते. ख्रिस्त हाच याजक व हाच यज्ञ. वारंवार होणारे अर्पण त्याच्या ठायी एकदाच व कायमचे घडते. जुनी उपासना ही ‘छाया’ होय, असे हे पत्र म्हणते. वेदान्ताच्या संस्कारातील वाचक छायेचा अर्थ मिथ्या असा करण्याचा संभव आहे. पत्रकर्त्याला छाया अभिप्रेत आहे ती येणाऱ्या वस्तूची. ती वस्तूच्या अस्तित्वाची साक्ष देते. येथे स्वर्गीय नमुन्याचा विचार असला, तरी काळाचा क्रम सुटत नाही.

पडद्याचा प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. येशूच्या मृत्यूसमयी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. इब्री पत्र तो पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देहच मानते. हेरोदाच्या मंदिरात परजातीय, स्त्रिया, इस्राएली पुरुष व याजक यांच्या मर्यादा वेगवेगळ्या होत्या. केडगावी रमाबाईंच्या आश्रयाला विधवा व दुष्काळग्रस्त मुली होत्या. शिरूर येथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. या मिशनच्या ग्रामीण मंडळ्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील लोक बहुसंख्य होते. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या दृष्टीने फाटलेला पडदा हे केवळ रूपक राहणे शक्य नव्हते. मात्र हा अर्थ कळण्यासाठी प्रथम पडदा व त्यामागील गाभारा डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. देवळाची भाषा पूर्णपणे पुसली, तर त्या फाटण्यातील आघातही नाहीसा होतो.

या अर्थाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. इ.स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर यहुदी परंपरेने प्रार्थना, अध्ययन व धर्माचरण यांतून त्या उपासनेचा वारसा स्वतंत्रपणे चालविला. कोकणातील बेने इस्राएल हे मराठी भाषकच त्याचे वारस आहेत. म्हणून ख्रिस्ती अर्थ हा मंदिराचा एकमेव अर्थ नसून एक समर्थ वाचन होय. रमाबाईंचा शब्दांविषयीचा संशय भेद ओळखण्यास उपकारक आहे. अर्थ प्रकट होण्यास मात्र त्या संशयित शब्दांचीच गरज पडते. मराठी भाषांतराचे परीक्षण या दोन्ही बाजू लक्षात घेऊनच झाले पाहिजे.