दोर कोणी धरला?

विदर्भातल्या माजरीच्या खाणपट्ट्यातून ईशान्येला नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा असं सरकत गेलं की झाडीपट्टी लागते. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या निमित्तानं तिथं रात्रभर नाटकं चालतात. खलनायक गडगडाटी हसतो, नायिका सोसत राहते, पहाटे कधीतरी न्याय होतो. शेवट काय होणार हे मांडवातल्या साऱ्यांना ठाऊक असतं, तरी पदर डोळ्यांना लागतोच. अमेरिकी रेसलिंगला ‘सगळं आधीच ठरलेलं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक रात्र या मांडवात काढावी. मग २४ मार्च १९९१ची लॉस एंजेलिसमधली रँडी सॅव्हेज आणि अल्टिमेट वॉरियरची लढत बघावी.

हरेल त्यानं निवृत्त व्हायचं, ही अट. एरवी वारं प्यायल्यासारखा धावत येणारा वॉरियर त्या दिवशी चालत येतो. पुढं काहीतरी गंभीर आहे, हे तेवढ्यानंच कळतं. सॅव्हेजसोबत त्याची कपटी मॅनेजर शेरी. त्यानं झिडकारलेली आधीची मॅनेजर एलिझाबेथ प्रेक्षकांत बसलेली. कॅमेरा तिला शोधून काढतो.

सॅव्हेज वरच्या दोरावरून एकामागून एक पाच वेळा उडी घेऊन कोपर हाणतो. खरं तर त्याला एक पुरायची. दुसरी जिद्दीची म्हणू. पाचवीपर्यंत गडी आतून खचलेला दिसतो. हे बिनशब्दांचं स्वगतच. वॉरियर तरीही उठतो आणि शेवटी त्याच्या छातीवर एक पाय ठेवून जिंकतो.

पडलेल्या सॅव्हेजला शेरी लाथा घालू लागते. एलिझाबेथ धावत येते, केसांना धरून तिला रिंगबाहेर भिरकावते. आपल्यामागं कोण उभं आहे हे सॅव्हेजला ठाऊक नाही, आपल्याला आहे. जुनीच युक्ती, पण काय लांबवलीय! तो वळतो, मिठी पडते. प्रेक्षकांतली माणसं खरोखर रडताना दिसतात.

माझ्या मते कळस त्यानंतर आहे. इतकी वर्षं रिंगचे दोर ती त्याच्यासाठी फाकवून धरायची. आताही सवयीनं तिकडं वळते. तो तिला थांबवतो आणि स्वतः दोर धरतो. झाडीपट्टीच्या लेखकानं इथं टाळ्यांचं एखादं वाक्य घातलंच असतं. इथं ते नाही, हेच बरं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघांचं ‘लग्न’ लागलं. खरं लग्न १९८४ सालीच झालेलं होतं. १९९२मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.