मूल परत आलं, पण कशामुळे? केस मॅनेजमेंटवरचे दोन अभ्यास, मोहाडीत बसून वाचताना

एक अभ्यास म्हणतो 'याने फरक पडतो', दुसरा म्हणतो 'पडत नाही'. मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं? पीएचडीची तयारी करणारे बरेच जण दोन्ही अभ्यास एकाखाली एक मांडतात, 'याबाबत मतभिन्नता आढळते' असं एक वाक्य टाकतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. याला साहित्याचा आढावा म्हणत असले तरी ती नुसती यादी असते. आज असेच दोन अभ्यास घेऊ आणि ते खरंच एकमेकांच्या विरोधात आहेत का ते तपासू. विषय आहे सतत शाळा बुडणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी केस मॅनेजमेंट. दोन्ही अभ्यासांचा मुख्य आधार अमेरिकेतला आहे, म्हणून वाचताना डोळ्यांसमोर भंडारा जिल्ह्यातला मोहाडी तालुका ठेवू. तिथे हेच काम कुणी करायला घेतलं, तर या अभ्यासांमधलं काय उपयोगी पडेल, हा आपला प्रश्न.

आधी शब्द नीट समजून घ्या. केस मॅनेजमेंट म्हणजे एका मुलामागे एक ठरलेला माणूस. तो घरी जातो, मूल का येत नाही ते शोधतो, कुटुंबासोबत बसून काय करायचं ते ठरवतो, लागेल त्या कार्यालयाशी गाठ घालून देतो, ठरल्या दिवशी पुन्हा जातो आणि गरज संपली की केस बंद करतो. घरी जाऊन 'पोरीला पाठवत जा' एवढंच सांगून परत येणं यात बसत नाही. समजा मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. तिच्या आईला शिक्षणाचं महत्त्व सांगून काय होणार? आई मजुरीला सकाळी जाते आणि संध्याकाळी येते, अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधी सुटते. मधल्या तासांत त्या भावाला कोण बघणार, याचं उत्तर सापडलं तर मुलगी शाळेत येईल.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणाऱ्या गोष्टी आहेत. शाळेबाहेर पडू शकणारी मुलं हेरून त्यांच्या मागे लागणारे बालरक्षक शिक्षक आहेत. आईवडील कामासाठी बाहेरगावी गेले तरी मूल गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्र आहे. एका मुलाची केस उघडून ती बंद होईपर्यंत कुणा एकाने धरून ठेवणं, हा धागा मात्र यात प्रत्येक वेळी असतोच असं नाही.

आता अभ्यास. पहिला म्हणजे ब्रँडी मेनार्ड आणि सहकाऱ्यांचा 2012 चा पद्धतशीर आढावा, कॅम्पबेल कोलॅबोरेशनने प्रसिद्ध केलेला. सतत गैरहजर मुलांसाठीच्या उपक्रमांवरचे 28 अभ्यास त्यांनी निवडले. त्यातले 5 यादृच्छिक वाटपाचे, 11 तुलना गट असलेले पण वाटप यादृच्छिक नसलेले आणि 12 असे की ज्यांत एकच गट आधी आणि नंतर मोजला. तुलना गट असलेल्या 16 अभ्यासांचा एकत्रित परिणाम 0.46 निघाला, म्हणजे हजेरीत सरासरी 4.69 दिवसांची सुधारणा. अमुक प्रकारचा उपक्रम दुसऱ्यापेक्षा सरस, असं काही दिसलं नाही. अनेक संस्थांनी मिळून केलेले उपक्रमही वेगळे उठून दिसले नाहीत. आणि सुधारणा होऊनही मुलांची सरासरी गैरहजेरी 10 टक्क्यांच्या वरच राहिली.

दुसरा अभ्यास एमडीआरसी या संशोधन संस्थेचा, लेह परीस, विल्यम कॉरिन आणि सहकाऱ्यांचा. त्याचा अंतिम अहवाल 2017 मध्ये आला. 'कम्युनिटीज इन स्कूल्स' ही संस्था तिकडच्या शाळांमध्ये केस मॅनेजमेंट चालवते. दोन राज्यांतल्या 24 माध्यमिक शाळांमध्ये कोणत्या मुलांना केस मॅनेजमेंट मिळेल हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं आणि दोन वर्षं पाठपुरावा केला. हजेरीत फरक नाही, विषयांतल्या कामगिरीत नाही, शिस्तीतही नाही. पहिल्या वर्षानंतर मुलांनी सांगितलेल्या काही गोष्टींमध्ये मात्र फरक होता. घर आणि शाळा यांच्याबाहेरच्या मोठ्या माणसांशी नातं, सोबत्यांशी संबंध, शिक्षणाला किंमत आहे हा विश्वास, या बाबतीत केस मॅनेजमेंटमधली मुलं पुढे होती.

वरवर पाहिलं तर एक 'हो' म्हणतो, एक 'नाही'. पण प्रत्येक आकड्यापुढे एक प्रश्न लावा: कशाच्या तुलनेत? एमडीआरसीच्या अभ्यासातली तुलनेची मुलं रिकाम्या हातांनी बसलेली नव्हती. त्यांच्याच शाळेत इतर मदत चालू होती आणि तीही ती घेत होती. म्हणजे अहवालाने 'केस मॅनेजमेंट विरुद्ध काहीच नाही' असं मोजलं नाही. 'शाळेत आधीच असलेल्या मदतीवर केस मॅनेजमेंटची भर' एवढंच मोजलं. त्यामुळे 'केस मॅनेजमेंट निरुपयोगी' हे वाक्य या अहवालाच्या आधारावर लिहिता येत नाही. मेनार्डच्या 0.46 वरून 'केस मॅनेजमेंट उपयोगी' असंही लिहिता येत नाही, कारण तो आकडा वेगवेगळ्या उपक्रमांची सरासरी आहे. दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. तुमच्या आढाव्यात हे आलं पाहिजे.

आता मोहाडीकडे या. इथला शाळेचा हजेरीपट वाचायचा तर आधी धानाचं वेळापत्रक माहीत हवं. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. पऱ्हे काढायचे, बांधीत लावायचे, अख्खं घर शेतावर. ऑक्टोबरपासून हलक्या धानाची कापणी, मग भारी धान, मग मळणी. एप्रिल-मे मध्ये मोहफूल आणि तेंदूपत्ता. बावनथडी प्रकल्पाचं पाणी जिथे पोचतं तिथे उन्हाळी धान, म्हणजे ऐन थंडीत आणखी एक रोवणी. आंधळगावात कोशाचं कापड विणणाऱ्या घराचं वर्ष वेगळं, वरठीत कारखाना आणि रेल्वे स्टेशनच्या आसपास राहणाऱ्यांचं आणखी वेगळं.

समजा तुम्ही रोवणीच्या दोन महिन्यांतला हजेरीपट काढला, 50 टक्क्यांखालची 40 मुलं निवडली आणि त्यांच्या घरी केस मॅनेजमेंट सुरू केलं. सप्टेंबरात त्यांची हजेरी 45 वरून 70 टक्क्यांवर गेली. छान आलेख निघेल, परिषदेत टाळ्याही मिळतील. पण त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक, रोवणी संपली, त्यामुळे तुम्ही गेला नसतात तरी बरीच मुलं परत आली असती. दुसरी जास्त फसवी आहे. तुम्ही सगळ्यात कमी हजेरीची मुलं त्यांच्या सगळ्यात वाईट काळात निवडली. त्यातल्या काहींच्या बाबतीत कारण तात्पुरतं होतं: ताप, घरातलं बाळंतपण, लग्न. अशा मुलांची पुढची हजेरी आपोआप स्वतःच्या सरासरीकडे सरकते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवर काम करताना हे दाखवलं. टोकाचे नमुने निवडले की पुढचं मोजमाप मधे सरकतं, मग तुम्ही काही करा वा न करा. मेनार्डच्या आढाव्यातले ते 12 एकगटी अभ्यास आठवा. त्यांना वेगळं का ठेवलं, ते आता कळेल.

यात फक्त संख्याशास्त्राचा काटेकोरपणा नाही. समजा त्या 40 पैकी 30 मुलं रोवणी संपली म्हणून परत आली आणि 10 आलीच नाहीत. सरासरी वाढली, उपक्रम 'यशस्वी' ठरला. पुढच्या वर्षी शिक्षक शाळा सुटल्यावरचे तेच तास पुन्हा सगळ्या 40 घरांत वाटून टाकणार. ज्या 10 घरांना महिनोन्महिने एका माणसाची गरज होती, त्यांच्या वाट्याला पुन्हा एकच भेट. सरासरी वाढवणारी मुलं मदतीशिवायही आली असती. मदत लागणारी मुलं त्या सरासरीत बुडाली.

दुसरी अडचण मोजमापाची. महाराष्ट्रात सतत 30 दिवस गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात, केंद्राच्या व्याख्येत ही मुदत 45 दिवसांची. 'सतत' हा शब्द बघा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा सांगितली आहे. आठवड्याच्या सहा दिवसांतले दोन दिवस घरी राहणारी पाचवीतली मुलगी वर्षाला साधारण 66 दिवस गमावते. अमेरिकेत 10 टक्के दिवस बुडाले की 'सततची गैरहजेरी' धरण्याची पद्धत आहे. त्या मापाने 20 दिवसांनाच घंटा वाजली असती. आपल्या मापाने ती मुलगी वर्षभर 'शाळेत' आहे.

यात आणखी एक पेच आहे. शाळाबाह्य मुलांचं राज्यव्यापी सर्वेक्षण 2015 मध्ये 4 जुलै या एका दिवसात झालं. 2022 मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' 5 ते 20 जुलै चाललं. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे 20 जुलैपर्यंत नव्या सत्राचे 30 दिवसच भरत नाहीत. रोवणीला गेलेलं मूल त्या पंधरवड्यात शोधलं, तरी चालू सत्राच्या हजेरीवरून ते शाळाबाह्य ठरू शकत नाही. असे आकडे दुय्यम डेटा म्हणून वापरणार असाल, तर ही गोष्ट तुमच्या मर्यादांच्या परिच्छेदात लिहा.

परदेशी निष्कर्ष इकडे आणतानाही जपून. तिकडे ट्रुअन्सी हा कायद्याचा विषय आहे. प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे केस मॅनेजरच्या मागे एक दबाव उभा असतो. आपल्या 2009 च्या कायद्याने हजेरीवर लक्ष ठेवण्याचं कर्तव्य शासन आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकलंय. एमडीआरसीच्या शाळांमध्ये या कामासाठी नेमलेला माणूस होता. दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि गृहभेट हे सगळं त्याच दोघांकडे. तिथे 'आधीच असलेली मदत' कमी आहे, म्हणून केस मॅनेजमेंटचा परिणाम कदाचित मोठा दिसेल. करणारा माणूस थकलेला आहे, म्हणून कदाचित काहीच दिसणार नाही. दोन्ही शक्य आहे, आणि म्हणूनच हा संशोधनाचा प्रश्न आहे.

मग रचना कशी करायची? 'तुलनेच्या मुलांना मदत नाकारायची का?' हा आक्षेप तुमच्या मुलाखतीत हमखास येईल. त्याचं उत्तर कामाच्या मर्यादेतच आहे. एक माणूस एका वेळी 40 कुटुंबं धरू शकत नाही, कुणाला तरी थांबावं लागणारच. मग कुणाची पाळी आधी, हे चिठ्ठी टाकून ठरवा. तालुक्यातल्या काही केंद्रांत पहिल्या सत्रात सुरुवात करा, उरलेल्यांत दुसऱ्या सत्रात. जे अजून थांबलेत ते तोपर्यंत तुमचा तुलना गट. कॅलेंडर दोघांनाही सारखंच लागू होतं, त्यामुळे रोवणीचा परिणाम वेगळा काढता येतो. फक्त वाटप करताना कालव्याच्या पाण्याची गावं आणि कोरडवाहू गावं दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. नाहीतर थंडीतली रोवणी तुमचा निकाल बिघडवेल.

हजेरी मोजताना टक्केवारीसोबत दिवसांचा क्रम जपा. सलग 20 दिवस गेलेलं मूल आणि दर आठवड्याला दोन दिवस बुडवणारं मूल यांची टक्केवारी एक असू शकते, कारणं एक नसतात. आणि प्रत्येक केसमध्ये काय केलं ते नोंदवा: दाखला मिळवून दिला, एसटीचा पास काढला, की नुसतं बोलून आलात? एमडीआरसीसारखा शून्य निकाल आला, तर कल्पना चुकली की ती पूर्ण अमलातच आली नाही, हे या नोंदीशिवाय सांगता येणार नाही.

या दोन अभ्यासांत मला एमडीआरसीचा जास्त मोलाचा वाटतो. मेनार्डचा आढावा आपल्याला सावध करतो, पण त्यातली सरासरी कोणत्या कामाची, ते सांगत नाही. एमडीआरसीने एक नावाजलेलं काम घेतलं, कठोर पद्धतीने मोजलं आणि हजेरीत फरक नाही हे स्पष्ट छापलं. आपल्याकडच्या प्रबंधांमध्ये असा निकाल क्वचितच वाचायला मिळतो, कारण 'परिणाम आढळला नाही' म्हणजे प्रबंध फसला अशी भीती असते. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये आत्ताच एक वाक्य लिहून ठेवा: अमुक इतका फरक न दिसल्यास मी हा उपक्रम परिणामकारक नव्हता असं म्हणेन. तो आकडा हजेरीपट उघडण्याआधी ठरवा आणि मार्गदर्शकांची त्यावर सही घ्या.