परदेशी साहाय्य, श्रमदान आणि मानवी प्रतिष्ठा : कॅथलिक सामाजिक शिकवणीच्या निकषावर एक चिकित्सा

प्रस्तावना

परदेशी निधीतून होणारे मदतकार्य बहुधा खर्चाच्या आणि लाभार्थींच्या आकड्यांवर मोजले जाते. मदत घेणाऱ्याची प्रतिष्ठा त्यात अबाधित राहिली काय, हा प्रश्न मागे पडतो. कॅथलिक सामाजिक शिकवणीत मात्र हाच प्रश्न मध्यवर्ती आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील पाणलोट कार्याच्या आधारे त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन

पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले आहे. लहान समूहाला जे साधते, ते मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये, असा त्याचा आशय. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात केलेल्या कार्यात हे तत्त्व प्रत्यक्ष दिसते. त्यांच्या प्रेरणेने साकारलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात निधी जर्मनीचा आणि भागीदारी नाबार्डची होती. परंतु श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी ही गावाने स्वीकारायची पूर्वअट होती. येथे गावकरी याचक न राहता भागीदार झाला, हे या कार्याचे मोठे यश होय.

चिकित्सा

तथापि 'गाव' हा एकजिनसी घटक नव्हे. भूमिहीनांना श्रमदानातून सूट देता येते, चराईबंदीतून नाही. शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबाचे कुरण त्वरित बंद होते. वाढलेले पाणी मात्र ज्याची जमीन त्याच्याच विहिरीत उतरते. बांधबंदिस्तीच्या कामावरील मजुरी हा तात्पुरता लाभ ठरतो. म्हणजे पूरकतेचे तत्त्व गावाच्या वेशीपाशीच थांबते. वस्तुतः सहावे पोल यांच्या १९६७ च्या परिपत्रकात खाजगी मालकी हा निरपवाद हक्क मानलेला नाही. त्या न्यायाने पाण्यावर भूमिहीनांचाही वाटा असावयास हवा. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यातील नायगावपासून हेच केले : पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून तो कुटुंबातील माणसांच्या संख्येशी जोडला. ख्रिस्ती परिभाषेचा आधार न घेताही ही योजना त्या शिकवणीच्या अधिक जवळ जाते.

निष्कर्ष

हा निकष केवळ परदेशी मदतीपुरता नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील बुलडाण्यासह ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कर्ज, व्याज आणि सिंचन यांवर भर देणारी अशी योजना सातबारा असलेल्यांपर्यंत पोहोचू शकते. कोरडवाहू मुलखातील शेतमजूर तिच्या कक्षेबाहेरच राहतो. निधी रोमहून आला, बर्लिनहून आला की दिल्लीहून, हा प्रश्न दुय्यम होय. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याला निर्णयात आणि लाभात स्थान मिळाले काय, यावरच मदतीतील प्रतिष्ठेची परीक्षा झाली पाहिजे.